ऐन वेळचा क्वार्टरबॅक: कॉलेज फुटबॉलमधल्या एका न मिटणाऱ्या वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस करायला अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या सरकारी विद्यापीठात गेलेल्या मराठी मुलाला ऑगस्ट संपता संपता एक शोध लागतो. शनिवारी गावात गाडी लावायला जागा नसते, ग्रंथालय ओस पडतं आणि एरवी घुम्यासारखा वागणारा प्रोफेसर विटकरी-केशरी टोपी घालून आरोळ्या ठोकत असतो. हा कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलचा, हंगाम. एक-दोन वर्षांत तो मुलगाही आरोळ्या ठोकायला लागतो आणि फोनवर आईबाबांना 'फोर्थ डाउन' समजावत बसतो. माझं अगदी असंच झालं. तेव्हापासून पॉटलकच्या जेवणात, विमानतळावर सोडायला जाताना गाडीत आणि पुण्याला सुट्टीवर आल्यावरसुद्धा लोकांनी मला जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. वाद असा: अटीतटीच्या क्षणी, म्हणजे 'क्लच' वेळी, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यांत भारी क्वार्टरबॅक (संघाची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो) कोण? माझी टोपीही विटकरी-केशरी, म्हणजे टेक्सासची. तेव्हा उत्तरं वाचताना तेवढं मीठ कमी-जास्त करून घ्या.

'क्लच' म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे क्लच म्हटलं की स्कूटरची तुटलेली केबल आठवते. अमेरिकन क्रीडाप्रेमींच्या बोलीत मात्र क्लच म्हणजे अटीतटीच्या क्षणी हमखास कामगिरी करणारा. 'ऐन वेळचा माणूस' हे मला त्यातल्या त्यात जवळचं वाटतं. फुटबॉलपुरतं बोलायचं तर चौथा, म्हणजे शेवटचा, क्वार्टर, पाच-सात मिनिटं उरलेली, संघ एका टचडाउनच्या आतबाहेर मागे आणि चेंडू तुमच्या हातात. ओव्हरटाइमही त्यातच धरा. ४० गुणांनी पुढे असताना टाकलेला सुंदर पास कितीही देखणा असला तरी या हिशेबात येत नाही.

मी हा खेळ पाहिलेलाच नाही. वाद समजायला किती माहिती लागेल?

थोडीच. मैदान १०० यार्डांचं. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चौथा प्रयत्न फसला की चेंडू समोरच्यांना. शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, चेंडू नेला की टचडाउनचे सहा गुण. त्यानंतर किक मारून एक किंवा पुन्हा घुसून दोन. लांबून दांड्यांमधून किक मारली तर फील्ड गोलचे तीन. क्वार्टरबॅकच्या हातात प्रत्येक चाल सुरू होते. पास टाकायचा, दुसऱ्याकडे द्यायचा की स्वतः पळायचं, हे तो तीनेक सेकंदांत ठरवतो आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोचे चार गडी त्याच्या अंगावर येत असतात.

आडवळण नको. सगळ्यांत भारी कोण?

व्हिन्स यंग. टेक्सास, २००३ ते २००५.

४ जानेवारी २००६, पॅसाडीनाचं रोझ बोल मैदान, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. समोर यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ), सलग ३४ सामने जिंकलेला संघ. त्यांच्याकडे हाइजमन ट्रॉफीचे, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराचे, दोन मानकरी: २००४ चा मॅट लाइनर्ट आणि २००५ चा रेजी बुश. हाइजमनचं मतदान या सामन्यांच्या आधीच, डिसेंबरच्या सुरुवातीला उरकतं. त्या वर्षी यंग दुसरा आला होता. सामन्याची ६ मिनिटं ४२ सेकंद उरलेली असताना यूएससी ३८-२६ असं पुढे होतं. यंगने १७ यार्ड पळून टचडाउन केलं, ३८-३३. यूएससीची पुढची चढाई अडली आणि ५६ यार्ड पार करायला टेक्सासकडे दोन मिनिटं नऊ सेकंद उरली. शेवटी आठ यार्डांवरून चौथा डाउन, पाच यार्डांची गरज. यंगने पाससाठी नजर फिरवली, कुणी मोकळं दिसेना, तेव्हा तो उजव्या कोपऱ्याकडे निघाला आणि कुणाचा हातही न लागता आत गेला. १९ सेकंद बाकी. मग दोन गुणांसाठीही तोच पळत आत घुसला. ४१-३८. त्या रात्री त्याचे पासचे यार्ड २६७ आणि पळण्याचे बरोबर २००.

एवढ्यावरच मी निवाडा दिला असता तर तो शितावरून भाताची परीक्षा केल्यासारखा झाला असता. पण यंगचं असं एकच शीत नाही. साधारण एक वर्ष आधी, १ जानेवारी २००५ ला, त्याच मैदानावर मिशिगनविरुद्ध त्याने १९२ यार्ड पळून चार टचडाउन केले आणि शेवटच्या क्षणी डस्टी मँगमच्या फील्ड गोलवर टेक्सास ३८-३७ असं जिंकलं. सप्टेंबर २००५ मध्ये कोलंबसला, ओहायो स्टेटच्या लाखभर प्रेक्षकांसमोर, २ मिनिटं ३७ सेकंद असताना लिमास स्वीडला २४ यार्डांचा पास टाकून त्याने सामना फिरवला. २००४ मध्ये ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध ७-३५ असे मागे पडून ५६-३५ जिंकले. सुरुवातीपासून खेळलेल्या ३२ सामन्यांत ३० विजय. त्याची पास टाकायची पद्धत जरा विचित्रच होती, कोपर खाली ठेवून बाजूने भिरकावल्यासारखी, आणि जाणकार त्यावर तोंड वाकडं करायचे. पण सामना अडचणीत आला की या माणसाच्या हालचाली संथ व्हायच्या. बाकीचे घाई करत असताना हा बाजारात भाजी बघायला निघाल्यासारखा दिसायचा.

पण त्या रात्री यूएससीनेच घोळ घातला ना?

घातला, आणि हा आक्षेप सगळ्यांत दमदार आहे. दोन मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ असताना यूएससीचा चौथा डाउन होता, दोन यार्ड हवे होते, चेंडू टेक्सासच्या ४५ यार्ड रेषेवर. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी किक मारून चेंडू लांब ढकलायचं नाकारलं आणि तो लेनडेल व्हाइटकडे दिला. टेक्सासच्या बचावफळीने त्याला रोखलं. चेंडू घेऊन पळणारा देशातला सर्वोत्तम खेळाडू रेजी बुश त्या चालीला मैदानाबाहेर उभा होता. यूएससीचे लोक आजही या आठवणीने कळवळतात.

त्याआधी, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, यंगने पळता पळता सहकाऱ्याकडे चेंडू फेकला त्याच्या आधी त्याचा गुडघा जमिनीला टेकला होता. नियमाप्रमाणे चाल तिथेच संपायला हवी होती. व्हिडिओ तपासणी झाली नाही आणि टचडाउन धरला गेला. म्हणून 'यंगने एकट्याने जिंकून दिलं' असं मी म्हणत नाही. टेक्सासच्या बचावाने चौथा डाउन अडवला नसता तर यंग बाकावर बसून घड्याळ बघत राहिला असता आणि हे पानही कदाचित क्लेमसनच्या डिशॉन वॉटसनच्या नावाने सुरू झालं असतं.

मग डिशॉन वॉटसन दुसरा का?

दुसराच, आणि तोही केसभराच्या फरकाने.

९ जानेवारी २०१७, टँपा. क्लेमसन विरुद्ध अलाबामा. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला क्लेमसन १४-२४ असं मागे. वॉटसनने संघाला २८-२४ असं पुढे नेलं, तोच अलाबामाचा नवखा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स ३० यार्ड पळत आत गेला: ३१-२८, दोन मिनिटं सात सेकंद बाकी. वॉटसनने ६८ यार्डांची चढाई नऊ चालींत पूर्ण केली. दोन यार्डांवर सहा सेकंद उरली होती. इथे प्रशिक्षक डॅबो स्विनी यांच्यापुढे सोपा मार्ग होता, फील्ड गोल मारून बरोबरी साधायची आणि ओव्हरटाइमला जायचं. त्यांनी आणखी एक चाल खेळायचं ठरवलं. म्हणजे वॉटसनने चेंडू हातात धरून एक क्षण जास्त घालवला असता किंवा त्याला कुणी पाडलं असतं तर घड्याळच संपलं असतं. त्याने उजवीकडे सरकत हंटर रेनफ्रोला पास दिला. एक सेकंद शिल्लक, ३५-३१. रेनफ्रो क्लेमसनमध्ये शिष्यवृत्तीशिवाय दाखल झालेला, अंगाने किरकोळ मुलगा होता. अलाबामावाले म्हणतात की त्या चालीत दुसऱ्या रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) त्यांच्या खेळाडूची वाट अडवली होती. पंचांनी नियमभंगाचा झेंडा टाकला नाही.

मला मात्र वॉटसनचा आधीच्या वर्षीचा सामना जास्त बोलका वाटतो. जानेवारी २०१६, तेच दोन संघ, तोच अंतिम सामना. वॉटसनने पासने ४०५ आणि पळून ७३ यार्ड काढले, एकूण ४७८. यंगच्या त्या अजरामर रात्रीपेक्षा ११ यार्ड जास्त. आणि क्लेमसन ४०-४५ असं हरलं, कारण अलाबामाने चौथ्या क्वार्टरमध्ये बरोबरी असताना अचानक आखूड किक मारून चेंडू परत मिळवला आणि पुढे केन्यन ड्रेक किक झेलून ९५ यार्ड पळाला. या दोन्ही वेळी वॉटसन मैदानाबाहेर होता. त्या रात्रीला कुणी क्लच म्हणत नाही. लोक आधी गुणफलक बघतात आणि मग विशेषण शोधतात.

एका चेंडूवर माणूस क्लच ठरतो का?

हा प्रश्न बहुधा डग फ्लूटीवरून येतो. २३ नोव्हेंबर १९८४, मायामीचं ऑरेंज बोल. बॉस्टन कॉलेज ४१-४५ असं मागे, सहा सेकंद बाकी, चेंडू मायामीच्या ४८ यार्ड रेषेवर. पाच फूट दहा इंचांच्या फ्लूटीने मागे पळत जाऊन देवाचं नाव घेऊन पास भिरकावला. अशा पासाला 'हेल मेरी'च म्हणतात. मायामीच्या बचावपटूंना वाटलं एवढ्या लांब हा काही टाकू शकणार नाही. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून मागे उभ्या जेरार्ड फेलनच्या कुशीत पडला. ४७-४५.

आपल्याकडच्या वाचकाला हृषीकेश कानिटकर आठवला असेल. जानेवारी १९९८, ढाका, पाकिस्तानविरुद्ध ३१५ चा पाठलाग, दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या आणि पुण्याच्या या डावखुऱ्याने सकलेनला चौकार मारला. सौरव गांगुलीच्या १२४ आणि रॉबिन सिंगच्या ८२ धावा त्याआधी झाल्या नसत्या तर तो चौकार नोंदवहीतली एक रेघ ठरला असता. पण गल्लीत नाव निघतं ते कानिटकरचं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

फ्लूटीचं मात्र जरा उलटं आहे. त्या दिवशी त्याने पासने ४७२ यार्ड काढले होते. म्हणजे गांगुली आणि कानिटकर दोन्ही तोच! शेवटच्या पासने त्याची बाकीची कामगिरी झाकून टाकली. त्याला एका चेंडूचा माणूस म्हणणारे उरलेली ५९ मिनिटं बघत नाहीत.

टुआ टंगोवायलोआचं नाव वर का नाही?

८ जानेवारी २०१८, अटलांटा. पूर्वार्धात अलाबामा जॉर्जियाविरुद्ध ०-१३ असं मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी हर्ट्सला बसवलं आणि पहिल्या वर्षातल्या टुआला उतरवलं. त्याने बरोबरी साधून दिली. ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने तीन गुण घेतले. मग टुआच्या पहिल्याच चालीत तो चेंडू धरून मागे मागे गेला आणि १६ यार्ड मागे पाडला गेला. अशा वेळी चेंडू बाहेर फेकून द्यायचा असतो हे शाळकरी क्वार्टरबॅकलाही ठाऊक असतं. पुढच्याच चालीत ४१ यार्डांचा पास, डेव्हॉन्टा स्मिथ, टचडाउन, २६-२३.

म्हणजे आधी स्वतःच खड्डा खणला आणि मग त्यावरून उडी मारली. उडी अफाट होती. पण हा वाद टिकून राहण्याचा आहे, आणि त्यात ही एक रात्र पुरत नाही. जाता जाता: हर्ट्सने रुसून बसायला हवं होतं, पण तो संघात राहिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच गावात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, दुखापतग्रस्त टुआच्या जागी उतरून त्याने ३५-२८ असा विजय मिळवून दिला. मला विचाराल तर या दोघांत ऐन वेळचा माणूस हर्ट्स.

५८ मिनिटं वाईट आणि शेवटची दोन चांगली, हे क्लच की प्रायश्चित्त?

नोव्हेंबर २०२१, ऑबर्न विरुद्ध अलाबामा. अलाबामाचा ब्राइस यंग (व्हिन्सचा कुणी नाही) दिवसभर पडत-धडपडत होता आणि संघाचे जेमतेम तीन गुण झाले होते. ऑबर्न दहावर. अलाबामाकडे टाइमआउट उरले नव्हते, तरी ऑबर्नचा टँक बिग्जबी पळता पळता रेषेबाहेर गेला आणि घड्याळ थांबलं. आत राहून खाली बसला असता तर बहुमोल सेकंद गेले असते. मग ब्राइसने स्वतःच्या तीन यार्डांवरून सुरुवात करून ९७ यार्ड पार केले, २४ सेकंद असताना बरोबरी साधली आणि चौथ्या ओव्हरटाइममध्ये संघ २४-२२ असा जिंकला.

माझं मत: हे क्लचच. वर्षभर अभ्यास न करता आदल्या रात्री जागून पास होणाऱ्याचं आपण कौतुक करत नाही, पण इथे ब्राइस झोपला नव्हता, समोरचे त्याला उठू देत नव्हते. मार खाऊनही दोन मिनिटं डोकं शाबूत ठेवणं ही वेगळीच कला आहे.

जो बरो?

२०१९ मध्ये एलएसयूसाठी (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ६० टचडाउन पास, १५ पैकी १५ विजय. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध पूर्वार्धातच सात टचडाउन. घर कधी पेटलंच नाही, तर बंब किती वेगाने येतो ते कळणार कसं? नोव्हेंबरमध्ये अलाबामाच्या मैदानावर ४६-४१ जिंकले तेव्हा थोडी धग लागली होती आणि तो शांत होता, एवढं नक्की. कॉलेजच्या इतिहासातला सर्वोत्तम हंगाम कुणाचा, असा प्रश्न असता तर मी त्याचं नाव डोळे मिटून घेतलं असतं.

आकडेवारीने हा वाद मिटत नाही का?

थोडा पुढे सरकतो. 'विन प्रॉबॅबिलिटी' नावाची पद्धत आहे. गुण, उरलेला वेळ, चेंडूची जागा आणि डाउन बघून, जुन्या हजारो सामन्यांच्या आधारे, संघ जिंकण्याची शक्यता काढतात. चालीआधी ती ४० टक्के आणि नंतर ६५ असेल तर त्या चालीने २५ टक्के कमावले. शेवटच्या मिनिटांत हे आकडे मोठ्या उड्या मारतात, म्हणून ऐन वेळची कामगिरी त्यात ठळक दिसते. पण ते २५ टक्के कुणाच्या खात्यात टाकायचे? पास टाकणाऱ्याच्या, झेलणाऱ्याच्या, की समोरच्याला अडवून धरणाऱ्या पाच जणांच्या?

मोठी अडचण संधींच्या संख्येची आहे. कॉलेजचा क्वार्टरबॅक वर्षाला १२ ते १५-१६ सामने खेळतो, तेही तीन-चार वर्षं, आणि त्यातले खरोखर अटीतटीचे मोजकेच. समजा प्रत्येकाला अशा आठ संधी मिळाल्या आणि प्रत्येक वेळी यश निव्वळ नाणेफेकीवर ठरलं. तरी आठपैकी सात किंवा जास्त वेळा जिंकण्याची शक्यता २५६ मध्ये ९, म्हणजे साडेतीन टक्के निघते. वरच्या पातळीवर १३० हून जास्त संघ आहेत. म्हणजे अंगात काही विशेष नसतानाही दर पिढीत चार-पाच जण 'नसानसांत बर्फ असलेले' म्हणून गाजणार. म्हणून मी यंगच्या बाबतीत किती जिंकला यापेक्षा कसा खेळला हे बघतो. दडपण वाढत असताना त्याचे निर्णय आणखी साधे होत गेले, आणि हे एकाहून अधिक सामन्यांत दिसतं.

कॉलेजमध्येच असे चित्तथरारक शेवट जास्त का होतात?

वीस वर्षांची मुलं चुका करतात, हे अर्धं उत्तर. बाकीचं नियमांत आहे. २०२२ च्या हंगामापर्यंत कॉलेजमध्ये प्रत्येक फर्स्ट डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न मिळाले की, घड्याळ थोडा वेळ थांबायचं. आता ते फक्त दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. त्यामुळे एक मिनिटातही बरंच अंतर कापता येतं. रिसीव्हरचा एकच पाय रेषेच्या आत पडला तरी झेल ग्राह्य, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, दोन लागतात. आणि ओव्हरटाइम १९९६ पासून असा आहे की दोन्ही संघांना समोरच्याच्या २५ यार्डांवरून आळीपाळीने संधी मिळते (२०२१ पासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासून फक्त दोन गुणांच्या चाली), म्हणजे क्वार्टरबॅकची थेट परीक्षाच.

कॉलेजमधला क्लच पुढे एनएफएलमध्ये टिकतो का?

व्हिन्स यंगचा टिकला नाही. पहिल्या वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मान मिळाला, पण काही वर्षांत तो बाजूला पडला. उलट जो मोंटॅना. १ जानेवारी १९७९, डॅलसमध्ये बर्फाळ थंडी, नोत्र दाम चौथ्या क्वार्टरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध १२-३४ असं मागे. थंडीने अंगाचं तापमान घसरलेल्या मोंटॅनाला ड्रेसिंग रूममध्ये चिकन सूप पाजून उभा केला आणि त्याने शेवटच्या चालीवर सामना ३५-३४ असा जिंकून दिला. तरी एनएफएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत त्याची निवड तिसऱ्या फेरीपर्यंत लांबली. पुढे त्याने चार सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. टॉम ब्रेडीचंही तेच. १ जानेवारी २००० ला मिशिगनसाठी अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांची पिछाडी भरून काढली, ओव्हरटाइममध्ये ३५-३४ जिंकला (अलाबामाची एका गुणाची किक चुकली म्हणून), आणि त्या वर्षीच्या निवडीत तो १९९ वा.

टिम टीबो राहिलाच की!

टीबो फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक. सप्टेंबर २००८ मध्ये ओल मिसविरुद्ध (मिसिसिपी विद्यापीठ) ३०-३१ असा हरताना चौथ्या डाउनला एक यार्ड हवा होता आणि टीबो अडवला गेला. त्यानंतर पत्रकारांसमोर डबडबल्या डोळ्यांनी त्याने शब्द दिला की आपल्याइतकी मेहनत यापुढे कुणी घेतलेली दिसणार नाही. फ्लोरिडा उरलेले सगळे सामने जिंकून विजेता झाला. गोष्ट झकास आहे. मात्र ऐन वेळच्या त्या एका यार्डाला तो कमी पडला होता, तेव्हा ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगा.

सुरुवात कोणत्या सामन्यापासून करू?

२००६ चा रोझ बोल, आणि तोही यूएससीच्या त्या चौथ्या डाउनपासून. आधी रेजी बुश कुठे उभा आहे ते शोधा. मग यंगच्या चढाईत चेंडूऐवजी त्याचे खांदे बघत राहा. शेवटच्या धावेला उजवा कोपरा मोकळा होताना तुम्हाला त्याच्या अर्धा क्षण आधी दिसेल. तो तुम्हाला कोचावर बसून दिसतो आहे, त्याला तेव्हा समोर धावून येणाऱ्या गड्यांच्या फटीतून दिसला होता. आवाज बंद ठेवू नका. समालोचन कीथ जॅक्सनचं आहे आणि तो त्याचा शेवटचा सामना होता.